शेखरची घरघंटी

६ जानेवारी, सकाळी साडेसात
आज माळ जपून उठलो आणि चपाती सोडली. ताटातली घडी परत सरकवून बायकोला, चांगुणाला, शांतपणे सांगितलं, मलाही शेखरसारखंच होतंय.

शेखर माझा धाकटा भाऊ. देवळाली कॅम्पला शिक्षक, राहतो आमच्याकडेच. त्याला सिलिएक निघाला. गहू पोटात गेला की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. तेव्हापासून त्याला वेगळा तवा, वेगळी परात आणि ज्वारी दळायला नवी घरघंटी. तिच्यात गव्हाचा दाणा जायचा नाही. पहिली भाकरी त्याची. चांगुणा त्याला म्हणते, "भाऊजी, गरम आहे तोवर घ्या."

मला चोवीस वर्षांत असं कुणी म्हटलेलं नाही. हा मत्सर नव्हे. फक्त नोंद.

८ जानेवारी
पोट हलकं. भाकरी मला तिसरी मिळाली. चांगुणा म्हणते, तुमचं अजून कुठं काय निघालंय? पण घरातलं गव्हाचं पीठ शेजारच्या लंकाबाईंना देऊन टाकलं. म्हणजे विश्वास बसतोय.

१० जानेवारी
डॉक्टर म्हणाले, रक्त तपासू, पण आधी काही आठवडे चपाती खा, नाहीतर तपासणीत कळणार नाही. अजब शास्त्र. तपासणी पुढे ढकलली. घरी बोललो नाही. तिला उगाच काळजी.

१४ जानेवारी, संक्रांत
लंकाबाईंनी गूळपोळ्या आणल्या. आमच्याच पिठाच्या. चांगुणाने दारातूनच परत पाठवल्या. शेखरने आपल्या तिळाच्या वडीतली अर्धी मला दिली. आजारी माणसाला मोठेपणा सोपा असतो.

१५ जानेवारी, गुरुवार
चांगुणा दिंडोरीला माहेरी, शेखर शाळेत. दत्ताला लापशीचा नैवेद्य दाखवावा असं मनात आलं. असं मनात देवच आणतो. लापशीला गव्हाचा भरडा हवा. कोठीत गहू होते, समोर घरघंटी. थोडेच दळले. नंतर फडक्याने पुसून घेतली.
प्रसाद नाकारता येत नाही. तीन वाट्या. काही त्रास नाही. प्रसादच तो.

१७ जानेवारी
शेखर कालपासून आडवा. कळा, जुलाब. चांगुणाने ज्वारी दाणा दाणा निवडून पाहिली. त्याला दर दोन तासांनी पेज. मी म्हटलं, माझंही दुखतंय. म्हणाली, "अहो, गप बसा जरा!"

१८ जानेवारी
शेखर भिंतीला धरून मोरीकडे जात होता. मला पाहून थांबला. "दादा, तुझं पोट कसंय?"
माळ पूर्ण झाली नाही. उद्या सगळं सांगायचं.

१९ जानेवारी
पाहुणे आले. राहिलं.

२० जानेवारी
त्याला जरा बरं वाटतंय. मग कशाला?

२१ जानेवारी
चहाच्या वेळी सांगितलं. लापशी, घरघंटी, डॉक्टर, सगळं.
शेखरने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "गरम भाकरी मागितली असतीस तर वहिनीने करून दिली नसती का?"
चांगुणा ओरडेल असं वाटलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "पंधरा दिवस मीपण चपाती खाल्ली नाही. तुमच्यासमोर कशी खाणार?"
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
सांगून टाकलं, एवढंच.