खाचांच्या कार्डांची अर्धी पेटी

मी खाली सही करणारी, जिला या इमारतीत सगळे थोरली म्हणतात, वय वर्षे त्र्याहत्तर, कारखान्याच्या हजेरी खात्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. तसे दडपण आणणारा अजून जन्माला यायचा आहे. सोमवारी डॉक्टर माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. "काळजीचं काही कारण नाही," असे ते तीनदा म्हणाले, तेव्हाच मी ठरवले की आता लिहून टाकलेले बरे.

कलम एक. दोन खोल्यांचे हे घर व बँकेतली ठेव माझ्या भाचीस द्यावी. ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. धाकटी याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि गेली अकरा वर्षे आम्ही दोघी जिन्यात समोरासमोर आलो की भिंतीकडे बघतो. भाची मात्र आईच्या नकळत खाली येते. आईला सगळे ठाऊक आहे, हे भाचीला ठाऊक नाही.

कलम दोन. कार्डांची पेटी. हे जरा सविस्तर लिहावे लागेल.

आमच्या वर्तमानपत्रात दर शुक्रवारी सकाळी तीन इंग्रजी अक्षरे छापून येतात. ती तिन्ही ज्यात आहेत असा लांबात लांब इंग्रजी शब्द संध्याकाळी सहापर्यंत पोचवायचा. कारखान्यात संगणक आले तेव्हा हजेरीची कोरी कार्डे रद्दीत निघाली, ती मी घरी आणली. कार्डाच्या कडेला सव्वीस भोके. धाकटीने शब्दकोशातून लांब शब्द वाचायचा, मी तो कार्डावर लिहायचा, आणि त्यात जी अक्षरे असतील त्यांची भोके कडेपर्यंत कापून खाच पाडायची. मग जुडीतल्या के अक्षराच्या भोकातून विणकामाची सुई घालून उचलले की के असलेली कार्डे टपाटप खाली पडतात, बाकीची सुईला लटकून राहतात. पडलेल्यांत पुन्हा दुसऱ्या अक्षराची सुई. भाची म्हणते, फोनवर हे क्षणात होते. होत असेल! पण फोन हलवल्यावर टेबलावर शब्द पडताना मी तरी पाहिले नाहीत.

सोळा वर्षे आम्ही दोघींच्या सहीने शब्द पाठवले व कित्येकदा जिंकलो. मग मी तापाने रुग्णालयात असताना धाकटीने एकटीच्या नावाने शब्द पाठवला आणि तो पहिला आला. मी पेपर वाचला आणि माझे डोके फिरले. "माझ्या कार्डांवर स्वतःचं नाव मिरवतेस?" असे मी तिला भरल्या घरात म्हणाले. ती म्हणाली, "घे तुझी कार्डं." मी म्हणाले, "अर्धी घे, मला उपकार नकोत." आम्ही दोघी शहाण्या! पत्ते वाटावेत तशी एक तुला, एक मला करून सगळी पेटी वाटली. तेव्हापासून कोणतीही अक्षरे येवोत, निम्मे शब्द खाली आणि निम्मे तिसऱ्या मजल्यावर. अकरा वर्षांत दोघींपैकी एकही जिंकलेली नाही.

भाचीने गेल्या महिन्यात सांगितले की त्या दिवशी धाकटी माझी सही घ्यायला रुग्णालयात आली होती. मी तापात बरळत होते. सहा वाजत आले म्हणून तिने एकटीची सही केली. मी तिला कधी विचारलेच नाही. चूक माझी आहे, आणि ती इथे कायद्याच्या कागदावर लिहून देते. माझी अर्धी पेटी माझ्या पश्चात धाकटीस द्यावी.

कलम तीन. दातांच्या डॉक्टरांस काहीही देऊ नये. ही अकरा वर्षे बक्षिसे तेच पळवतात. एक्स, वाय, झेड आले तेव्हा खाजेवरच्या औषधाचे अकरा अक्षरी नाव पाठवून जिंकले. माझी दाढ त्यांनी चांगली काढली, हेही

येथे लिहिणे थांबले, कारण सकाळचा पेपर आज दुपारी चार वाजता आला. के, क्यू, व्ही! घाईत लिहिते आहे, अक्षराला हसू नये. माझ्या पेटीतून पडले ते 'क्विकसिल्व्हर', अकरा अक्षरी. म्हणजे पारा. दात भरणाऱ्याला पारा सुचणार नाही तर कोणाला? माझी पेटी धाकटीला मिळणार ती मी मेल्यावर, आणि आजची मुदत सहाची. मी साक्षीला आलेल्या शिंपीदादांना वर पिटाळले. म्हटले, विचारा तिला, तुझ्याकडे काय पडलं?

पाच मिनिटांत धाकटी स्वतःच दारात. काखेत पेटी, धाप लागलेली.

"सुई कुठाय तुझी?" ती म्हणाली. "माझी मोडली चार वर्षांपूर्वी."

"मग चार वर्षं कसं करतेस?"

"हाताने चाळते. कोणाला सांगू?"

मला रडू आले, तिलाही. पण साडेचार वाजले होते. दोन्ही पेट्या टेबलावर उपड्या केल्या आणि सुई घातली. तिच्या कार्डांतून पडले 'क्वॅकसॅल्व्हिंग'. बारा अक्षरे! अर्थ, भोंदू वैद्यकी. आम्ही दातांच्या डॉक्टरांच्या नावाने इतक्या हसलो की मृत्युपत्रासाठी बोलावलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "जपा, झडप सोमवारी आहे." दोघींनी सह्या केल्या आणि शिंपीदादा शब्द घेऊन धावले. सहाच्या आत पोचवून परतही आले.

मग मृत्युपत्राला लागणाऱ्या दोन साक्षीदारांत एक कमी निघाला. धाकटीने पेन उचलले. वकीलबाईंनी तिचा हात धरला. "ताई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीत तर पेटी तुमची होणार नाही."

"हिच्या मागे ती पेटी घेऊन मी करू काय?" धाकटी म्हणाली. "द्या इकडे."

सबब कलम दोनमधील देणगी रद्द समजावी. तसेही कोणते कार्ड कोणाचे हे आता आम्हांला सांगता येत नाही.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार.

सही: थोरली
साक्षीदार पहिले: शेजारचे शिंपीदादा
साक्षीदार दुसरी: धाकटी, जिला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही