न फाटलेली पानं

आये,

मला फक्त चष्म्याचा नंबर तपासायचा होता. मागच्या मंगळवारी रसायनीहून कर्जतला आलो, बाजारातल्या दुकानात त्या उंच स्टुलावर बसलो, दुकानदारानं नाकावर ती जड फ्रेम चढवली आणि म्हणाला, वाचा. मी दोन ओळी खणखणीत वाचल्या. तेवढ्यात बाकावर बसलेली एक बाई म्हणाली, "तुम्ही कळंबच्या भाकरीवाल्या मावशींचे ना? आवाजावरनं ओळखलं." पाच मिनिटांनी दुकानदार विचारत होता, काका, तिसरी ओळ दिसते का, आणि मला तिसरी सोड, समोरची पाटीच दिसत नव्हती. रडत होतो म्हणावं तर तसंही नाही, डोळे ठणठणीत कोरडे होते. नुसता दगड झालो होतो. तू जाऊन चौदा वर्षं झाली, आणि माझ्याच आईबद्दल मला भर बाजारात एका परक्या बाईनं सांगावं, ही काय रीत झाली? आज आठ दिवस झाले, डोकं अजून ठिकाणावर नाही. तुझा रागही येतोय. खोटं कशाला बोलू.

ती कोण ते तुला लगेच कळेल. तू भाकऱ्या करायचीस त्या रिसॉर्टवर काउंटरला बसायची, वह्या लिहायची, दोन वेण्यांची पोर. आता तिचे केस पिकलेत आणि तिच्या नातवाला चष्मा लागलाय. मी तुला न्यायला गाडीवर यायचो तेव्हा फाटकातून हाक मारायचो, तो आवाज तिच्या लक्षात राहिला होता. चहाचं विचारावं तितक्या सहज तिनं विचारलं, "ती ताऱ्यावरच्या दोघांची गोष्ट तुम्हीच वाचून दाखवलेली ना मावशींना? अर्धी?" अर्धी म्हणाली, आये.

तुला आठवतं ना, गिऱ्हाईकं खोलीत काय काय विसरून जायची. चार्जर, चपला, पोहायच्या चड्ड्या. आणि पुस्तकं. चादरी बदलणाऱ्या बायका ती रद्दीत टाकायच्या, आणि तू चुलीसमोरून उठून ती काढून घ्यायचीस, कारण तुझा पोरगा वाचतो. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, त्यामुळे पिशवीतून काहीही निघायचं. मधुमेहाचा आहार निघाला, इंग्रजी प्रवासवर्णन निघालं, एकदा नळाच्या फिटिंगचा कॅटलॉग निघाला आणि तोही तू तितक्याच कौतुकानं दिलास. त्याच पिशवीतून ते पुस्तक आलं. मुखपृष्ठ गेलेलं, लेखकाचं नाव गेलेलं, आत विज्ञानकथा. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्ट ड्युटीला. शनिवार-रविवारी तुझ्याकडे गर्दी, म्हणून तुझी सुट्टी मंगळवारी, आणि मीही माझी सुट्टी बदलून मंगळवार घेतलेला. तू ओटीवर कडव्या वालाचे दाणे सोलत बसायचीस आणि म्हणायचीस, "वाच रं कायतरी. हात चालू हायत, कान रिकामे हायत."

ती गोष्ट मी आधी एकट्यानं वाचली होती, चौक गावच्या स्टँडवर एसटीची वाट बघत. एक ग्रह, तिथं अकरा-अकरा वर्षं ऊन पडत नाही. येणाऱ्या यानांसाठी तिथं एक दिवा पेटता ठेवायचा, आणि त्याला दोन राखणदार. एक वर्षभर जागा, दुसरा काचेच्या पेटीत झोपलेला. पाळी बदलते तो एकच दिवस दोघं एकमेकांना जागे भेटतात. आणि ते दोघं, दोघंही पुरुष, एकमेकांवर जीव टाकतात. असं छापलं होतं, आये! आडून नाही, सूचक नाही, सरळ. मी पुस्तक फटकन मिटलं आणि इकडेतिकडे बघितलं, कोणी माझ्या खांद्यावरून वाचतंय का. शेजारी एक म्हातारा करवंदं विकत होता, त्यालाही मी संशयानं बघितलं. तोवर मला वाटायचं, जगात असले आम्ही दोघंच. मी आणि तो, रसायनीच्या खोलीतला. कोणीतरी न विचारता आमच्या खोलीचं दार उघडून आत बघितलंय, आणि वर ते छान शब्दांत लिहूनही काढलंय, असं झालं मला. दोन एसट्या गेल्या, मी उठलो नाही.

मग तुला ती वाचून का दाखवली, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक वाचूनही दाखवायची होती आणि कळूही द्यायचं नव्हतं. म्हणून मी वाचता वाचता त्यातल्या एकाची बाई केली. सोपं होतं. तू वाल सोलत होतीस, मी वाचत होतो, तुला काय कळणार? तू पहिला प्रश्न विचारलास, "भाकरी कशाची करतात तिकडं?" मग म्हणालीस, "आमचं तसंच व्हतं रं." बाबांची खोपोलीच्या कारखान्यात कायमची रात्रपाळी, तू पहाटे रिसॉर्टला निघायचीस, ते पहाटे एसटीतून उतरायचे. फाट्यावर भेट, हातातली चावी ह्या हातातून त्या हातात. "चावी देयापुरतं नवरा-बायकू," म्हणालीस आणि हसलीस. बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी शेवटाकडे आलो. शेवटी एका वर्षी त्यांच्यातला एक पेटीत जातच नाही. शिधा एकाचा, जेवणारे दोन, म्हणजे आयुष्य निम्मं होणार हे दोघांनाही ठाऊक, तरी ते एका ताटात जेवायला बसतात आणि जे बोलायचं ते उघड बोलतात. तिथं बाई घालून भागेना. मी म्हणालो, "पुढची पानं फाटलीत गं." तू मान वर केलीस, माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलंस, सूप झटकलंस. "बरं," म्हणालीस.

आणि दुसऱ्या दिवशी ते पुस्तक पदराखाली घेऊन कामावर गेलीस. चादरी ठेवायच्या खोलीत, दुपारची भांडी झाल्यावर, त्या पोरीला समोर बसवलंस. ती सांगत होती आणि मी त्या स्टुलावर फ्रेम घालून बसलेलो. तिनं गोष्ट पहिल्यापासून वाचली. मध्येच तू थांबवलंस. "दोगं बापयेच हायत व्हय?" ती लाजत म्हणाली, हो मावशी. तू म्हणालीस, "मंग माज्या पोरानं त्यातली बाई कशापायी केली?" मग तिनं विचारलं, तुम्हाला शेवट नव्हता का माहीत? तर म्हणालीस, "तो म्हनला फाटलंय. मला वाचता नाय येत, पन फाटलेलं न् साबूत कळतं की."

आये, मला वाचता येत होतं आणि हे एवढं साधं कळलं नव्हतं.

तू ती गोष्ट तीनदा वाचून घेतलीस. तिसऱ्यांदा शेवटाला तू पुढे सरकून बसलीस म्हणे, आणि चिडलीस. त्या पोरीवर नाही, लेखकावर. "येवढ्या लांब कशाला धाडला त्यांना? आँ? उजेड नाय, भाकर नाय, मानूस नाय. हितं कर्जतला खोली नव्हती मिळत व्हय त्यांना?" ती बाई हे सांगताना खुदकन हसली. तिला ती एक गंमत वाटते, इतकी वर्षं घरात सांगत आलीये. मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसायची थांबली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं? मावशी म्हणाल्या होत्या, त्याला बोलू नको, तो सांगंल तवा सांगंल. मला वाटलं, तुम्ही सांगितलं असेल कधीच." मी चष्मा न घेताच निघालो. दुकानदार मागून ओरडत होता, काका, फ्रेम, फ्रेम! फ्रेम माझ्या नाकावरच होती.

तेव्हापासून माझं एकच चाललंय, मागचा एकेक दिवस काढून उलटा करून बघायचा. त्या उन्हाळ्यानंतर तू माझ्या लग्नाचा विषय बंद केलास. मला वाटलं, कंटाळली. मावशी स्थळ घेऊन आली तेव्हा तू तिला ठणकावलंस, "त्याच्या पत्रिकेत योगच नाय, भटानं सांगितलंय." मी बावळट, ते खरं मानून बसलो. अगं, माझी पत्रिका होती तरी कुठे? मी शेतावरच्या खोपीत जन्मलो, वेळ कोणी बघितली नव्हती, हे तूच शंभरदा सांगायचीस. आणि ती दिवाळी. "तुज्या त्या मैतराला आन फराळाला," म्हणालीस. मी म्हणालो, त्याला सुट्टी नाही. तू करंजीची कड दाबत म्हणालीस, "त्याला सुट्टी नाय का तूच देत नाय?" मला वाटलं, चेष्टा करतेस. ते बोलणं होतं, आये. तू मला बोलत होतीस, आणि मी करंजी उचलून खाल्ली.

तुझ्या बाराव्याला तो आला होता. कंपनीतल्या लोकांबरोबर आला, त्यांच्याच पंगतीत बसला. वाढायला मी होतो. त्याच्या पानात भात वाढताना मी म्हणालो, "घ्या साहेब, संकोच करू नका." त्यानं एकदा वर बघितलं, आणि जेवला, आणि कंपनीच्याच गाडीतून गेला. मी रसायनीला परतल्यावर एवढंच म्हणाला, "तुझ्या आईला कळलं असतं तर तिनं मला उभंसुद्धा केलं नसतं, नाही?" तसं त्याला मीच इतकी वर्षं सांगत आलो होतो. माझी आई अडाणी आहे, गावातली आहे, तिला सोसणार नाही. तो हट्ट करायचा, एकदा सांगून तर बघ, आणि मी तुला पुढे करायचो. तू आमच्यातली भिंत होतीस. आम्ही बारा-पंधरा वर्षं तुझ्या नावानं हळू बोललो, तुझ्या नावानं दोन खाटा लांब मांडल्या, आणि तू तिकडे कळंबला लेखकाला शिव्या देत होतीस, की खोली का दिली नाही म्हणून.

हल्ली असली पुस्तकं मिळतात. परग्रहावरची, पाण्याखालची, हजार वर्षांनंतरची, आणि त्यांत आमच्यासारखी माणसं. मी सगळी वाचतो. बहुतेकांत शेवटी दोघांतला एक मरतो आणि मी पुस्तक आपटतो. तो म्हणतो, इतका राग येतो तर वाचतोस कशाला. पण तुझा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मला ते लांब असणं बरंच वाटायचं. जितकं लांब, तितकं माझ्या अंगाशी येणार नाही. तू अडाणी बाई, वाल सोलता सोलता नेमकं तिथंच बोट ठेवलंस.

आता मला त्याला सांगायचंय आणि सांगता येत नाही. ते पुस्तक तुझ्या पत्र्याच्या पेटीतून मी परवा काढून आणलं, इथं टेबलावर आहे, सगळी पानं जागच्या जागी. तुला निर्दोष ठरवायचं तर त्याला सांगावं लागणार की भिंत तू नव्हतीस. मग तो विचारणार, कोण होतं? आम्ही दोघं आता पन्नाशी ओलांडलेले. दिवाळ्या गेल्या, करंज्या गेल्या, तू गेलीस. तो मला माफ करेलही, तो तसा आहे. पण आधी तो तुझ्यासाठी रडेल, आणि ते मला बघवणार नाही.

हे तुला पाठवायचं म्हटलं तरी वाचून कोण दाखवणार? मी वाचलं तर पुन्हा काहीतरी गाळीन. तेव्हा हे इथंच, त्या पुस्तकात, त्या शेवटच्या पानांपाशी ठेवतो. तो पुस्तकं झटकतो, त्याच्या हाती लागेलच. आत्ता स्वयंपाकघरात आहे, विचारतोय, "अरे, भाजीत तिखट किती टाकू तुझ्यासाठी?"

आणखी एक राहिलं. तू असताना तो एकदाच आपल्या घरी आला होता, कंपनीतला दोस्त म्हणून. तुझ्या पिठल्याच्या पहिल्या घासाला त्याला उचकी लागली, डोळ्यांतून पाणी आलं. नाशिककडचा, आणि तिखट सोसत नाही, असला नमुना. तू तांब्या पुढे केलास. पुढच्या मंगळवारपासून तू मला दोन डबे द्यायला लागलीस, एक माझा नेहमीचा, एक बिनतिखटाचा. दुसरा कोणाचा ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. तू गेलीस त्या महिन्यापर्यंत ते चाललं. तो अजून त्या बिरड्याची आठवण काढतो आणि माझ्याकडे प्रेमानं बघतो, कारण पहिल्याच दिवशी मी त्याला म्हणालो होतो, आईला मी सांगून ठेवलंय, तुझ्यासाठी वेगळं करत जा.

मी तुला काहीही सांगितलं नव्हतं, आये.