दाराशी उभा

प्रिय ठकू,

हात थरथरतोय म्हणून अक्षर असं आलंय असं समजू नकोस. माझं अक्षर पहिल्यापासूनच कुत्र्याचे पाय मांजराला. प्रगतिपुस्तकावर तू सही आईची घ्यायचीस ती काय उगाच? त्यातून इथे लिहायला जागा म्हणजे समोरच्या खुर्चीच्या पाठीतून निघालेलं एक फळकूट. पुढच्या गृहस्थांनी कूस बदलली की माझी वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. कागद विमानातल्या मुलीने दिले, पेन शेजारच्या दाढीवाल्याचं आहे. एवढं उसनं घेऊन मी आयुष्यात पहिल्यांदा तुला पत्र लिहितोय.

ठरलं होतं ते वेगळंच. मी पोचणार, दोन दिवस तुझ्या उशाशी बसून तुझं डोकं खाणार, आणि मग डॉक्टर तुझ्या डोक्यातली ती गाठ काढणार. तिकीट त्याच बेताने काढलं होतं. मी विमानात बसलो, पट्टा लावला, आणि जावईबापूंचा फोन आला. तू बोलता बोलता मध्येच गप्प झालीस म्हणे, उजवा हात उचलेना, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता थांबण्यात अर्थ नाही. तुला आत नेलं होतं. मी ‘बरं’ म्हणालो. बरं! कुणी येताना भाजी आणायला सांगावी तसं. तेवढ्यात ती मुलगी आली, फोन बंद करा म्हणाली, आणि मी मुकाट्याने बंद केला. मला उतरू द्या, असं ओरडावंसं वाटलं होतं. पण उतरून जाणार कुठे? तुझ्याकडे यायचा रस्ता हाच.

तसा प्रवास व्यवस्थित चाललाय. विमानतळावर जावईबापूंनी माझ्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. मी म्हटलं, अहो, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, लिफ्ट बंद म्हणून गच्चीपर्यंत जिने चढण्यात माझा जन्म गेला. पण ढकलणारा ऐकेना. शेवटी बसलो. एकदा खुर्चीत बसलं की लोक आपल्याशी बोलत नाहीत, ढकलणाऱ्याशी बोलतात. यांना पाणी हवंय का, यांचा चष्मा कुठाय. मी आपला पार्सलासारखा गप्प. पुढे तपासणीवाल्याने खिशातला छोटा पेचकस काढून घेतला. काम सोडून इतकी वर्षं झाली तरी तो माझ्या खिशात असतो, तुला माहीत आहेच. तुझ्या लग्नात हॉलचा पंखा त्यानेच चालू झाला होता. त्या बाबाने तो डब्यात टाकला, ठण्णकन आवाज झाला. तेव्हापासून हात सारखा खिशात जातो आणि काही न सापडून बाहेर येतो. आणि कहर म्हणजे इथल्या संडासाचं दार! अडकलेली दारं उघडून मी तुम्हाला खाऊपिऊ घातलं, आणि हे एक दार मला उघडेना. मी जीव खाऊन ओढतोय, आणि ते मधोमध दुमडून आत जाणारं. मागे ही रांग. शेवटी एका आजीबाईंनी येऊन बोटाने ढकललं. आईला सांगू नकोस हं, जन्मभर ऐकवेल.

आईला यायचंच होतं. तिच्या फुप्फुसांना विमान झेपणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तरी तिने आपली पिशवी भरून दाराशी ठेवली होती. मी निघताना तिने ती पिशवी मला दिली. त्यात तुझ्यासाठी विणलेली लोकरीची टोपी आहे. केस काढतात असं तिने कुणाकडून तरी ऐकलंय. आत्ता ती स्वयंपाकघरात फोन मांडीवर घेऊन बसली असेल, शेजारच्या काकू सोबतीला. जावईबापू तिला फोन करतीलच. म्हणजे जे काय झालंय ते तिला कदाचित आत्ताच कळलेलं असेल. काकूंना कळेल, काकूंकडून सगळ्या बिल्डिंगला कळेल, खालच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा कळेल. तेवढं तुझ्या बापाला सोडून. हे मनात आलं तसा मी पट्टा सोडून ताडकन उभा राहिलो. मग उभं राहून करायचं काय ते कळेना, म्हणून परत बसलो.

विमानातल्या त्या मुलीला मी मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगितलं. ती माझ्याजवळ खाली बसून ऐकत होती. विमानातलं इंटरनेट आज बंद पडलंय म्हणाली. वैमानिकांना विचारून येते म्हणून पुढे गेली, परत आली, नाही म्हणून मान हलवली आणि मला एक जास्तीचं पांघरूण दिलं. बिचारीकडे देण्यासारखं तेवढंच असावं. दाढीवाला दातांचा डॉक्टर आहे. अशी ऑपरेशनं हल्ली सर्रास होतात, काळजी करू नका, म्हणाला. दातवाल्याला काय कळतंय त्यातलं, असं माझ्या मनात आलं. मग ओशाळलो, कारण पेन त्याचंच. समोरच्या पडद्यावर नकाशा दिसतो आणि त्यात समुद्रावर एक एवढंसं विमान. सुरुवातीला मी त्याला मनातल्या मनात ढकलत होतो, चल रे बाबा, हल जरा. आता ते किनाऱ्याजवळ येतंय, तर ते आहे तिथेच थांबावं असं वाटायला लागलंय. सगळे उतरायची वाट बघतायत आणि मी एकटाच उलटा. बाहेर जावईबापू उभे असतील, त्यांच्या तोंडाकडे बघूनच मला सगळं कळेल. ते तोंड दिसेपर्यंत तू आहेस. हे लिहायला नको होतं, पण आता लिहून झालं. मला भीती वाटते गं ठकू. फार भीती वाटते.

तुला आठवतं का, मावशीच्या बिल्डिंगमध्ये तू एकटीच लिफ्टमध्ये अडकली होतीस? वीज गेली, आत मिट्ट काळोख, आणि तू एवढीशी. मी आणि माझा जोडीदार धावत आलो. अशा वेळी एकाने गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत जाऊन ब्रेक सोडायचा आणि हाताने चाक फिरवत लिफ्ट बोटबोट खाली आणायची. ते काम नेहमी माझं असायचं. पण त्या दिवशी माझ्या हातांनी चाक धरवेना. जोडीदार म्हणाला, तू दाराशी जा, इथे तुझा उपयोग नाही. दाराशी उभ्या राहणाऱ्याला आमच्या कामात एकच काम असतं, आतल्या माणसाशी बोलत राहायचं. अंधाराने माणूस तेवढा घाबरत नाही. बाहेर आपलं कुणीच उरलं नाही, असं वाटलं की हातपाय गाळतो. मी काय वाट्टेल ते बोलत होतो. मांजराने दूध कसं सांडलं, आईने माझ्या शर्टाला वेगळ्याच रंगाचं बटण कसं लावलं. घसा कोरडा पडून क्षणभर थांबलो की आतून तुझा आवाज यायचा, “बाबा, आहात ना?” आहे, म्हणायचो, की पुन्हा सुरू.

म्हणून हे लिहितोय. हे पत्र तुझ्या हातात पडेल की नाही, पडलं तर तुला वाचता येईल की नाही, मला ठाऊक नाही. तू आत आहेस, चाक दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे, आणि या खेपेला मला दारसुद्धा मिळालेलं नाही. मला बोलत राहण्याशिवाय काही करता येत नाही. म्हणून पेचकस, पांघरूण, संडासाचं दार, जे सुचलं ते बोलत सुटलोय. आता मुलगी येऊन पट्टे लावा म्हणून सांगून गेली. फळकूट मिटायचंय, दाढीवाल्याला पेन परत द्यायचंय. मी थांबलो की तू विचारशील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. आहे गं, मी आहे. तू आहेस ना, ठकू?

तुझाच,
दाराशी उभा असलेला
बाबा