उताऱ्यातला बाप

तीर्थरूप बाबा,

नमस्कार करते, पण डोकं अजून तापलेलंच आहे. तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

मी शिकवते त्या वर्गाच्या इंग्रजीच्या परीक्षेत एक उतारा होता. मुलगी परगावी निघते. बाप तिच्या बॅगेचे पट्टे पुन्हापुन्हा आवळतो आणि शब्दही न बोलता घरी जातो. त्याला काय वाटलं असेल, असा प्रश्न. माझ्या वर्गातल्या एका मुलीने लिहिलं, ‘बोलला असता तर रडला असता.’ मी पूर्ण मार्क दिले.

मुख्याध्यापक म्हणाले, “खोडा. नमुना उत्तरात ‘बापाला राग आला’ असं आहे.”

“रागावलेला माणूस पट्टे आवळत बसत नाही, सर.”

“अर्थ लावायला तुम्हाला ठेवलेलं नाही.”

मग कशाला ठेवलंय? मी खोडले नाहीत, तर त्यांनी स्वतःच्या हाताने खोडले. वर मोठ्या मुलांचे वर्ग माझ्याकडून काढून घेतले. आता लहानांना एबीसीडी शिकवते. नोकरी शाबूत आहे, काळजी करू नका.

काल ती मुलगी जिन्यात भेटली. “बाई, माझं चुकलं का?”

म्हटलं, “नाही गं. माझे बाबाही गाडी सुटायच्या आधीच पाठ फिरवून निघाले होते.”

तुमची, अजून धुमसत असलेली,
धाकटी