अर्धी गोळी

बाई, तुम्ही गेलात त्याला अठरा वर्षं झाली. तुम्ही मला दुसरीत शिकवलंत आणि पुढे माझ्या मुलीला पहिलीत, त्याच मरोळच्या शाळेत. तुमच्यापुढे मी कधी मोकळेपणी बोलले नाही, विद्यार्थिनी म्हणून नाही आणि आई म्हणून तर नाहीच. गेल्या आठवड्यात मुलीने मला एक प्रश्न विचारला. उत्तर तिला दिलं, पण खरं तर ते तुम्हाला द्यायचं राहून गेलं होतं. म्हणून लिहायला बसले आहे.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मुलगी सहा वर्षांची. तिला एका जागी बसताच येत नसे. खोडकर म्हणावं, तर खोडी काढण्याइतका वेळही ती कशाजवळ थांबत नसे. दोन घास खाऊन दाराबाहेर, एक चप्पल पायात, दुसरी कुठेतरी. ती येताना दिसली की चाळीतल्या बायका दारं लोटून घ्यायच्या. सासूबाई कणकवलीकडच्या. "ह्या चेडवाक कोणाची तरी नजर लागली आसा," म्हणून रोज मीठमोहऱ्या ओवाळायच्या. यजमान इंडस्ट्रियल इस्टेटीत लेथवर होते. कामावरून आले की तक्रारी ऐकायचे आणि तिला मारायचे. मीही मारायची. मग एक दिवस ती मधल्या सुट्टीत फाटकावर चढून रस्त्यात धावली. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून वाचली. तुम्ही मला बोलावून घेतलंत. मी तुमच्या टेबलासमोर उभी आहे, पदराचं टोक मुठीत धरून, जशी काही अजून दुसरीतच आहे.

"घरी मारतेस हिला?"

"मारते, बाई."

"काही उपयोग होतो?"

"नाही."

"मग कशाला मारतेस गं?"

तुम्ही म्हणालात, डॉक्टरला दाखव, पण आधी हात आवर. मी स्टेशनजवळच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला नीट पाहिलंसुद्धा नाही, एक तपकिरी औषध दिलं, दिवसातून तीन वेळा. आणि खरंच, चौथ्या दिवशी ती गप्प बसली. सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडला. शेजारीण म्हणाली, "सुटलीस बाई एकदाची." मला पहिल्यांदा पूर्ण स्वयंपाक एका दमात करता आला. तो आनंद मला अजून आठवतो आणि अजून त्याची लाज वाटते.

आठवडाभराने तुम्ही घरी आलात. शाळेतल्या बाई चाळीत, ही केवढी गोष्ट! मी सोडे निवडत होते, हाताला सुक्या मासळीचा वास, तुम्हाला कुठे बसवू कळेना. तुम्ही सरळ स्वयंपाकघरात आलात आणि पाटावर बसलात. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, तोंड अर्धवट उघडं, हनुवटीवर लाळ. तुम्ही तिच्यापुढे चुटकी वाजवलीत. तिने डोळे हळूच वळवले. तुम्ही तिची हनुवटी आपल्या पदराने पुसलीत आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणालात, "मी हिला बसवायला सांगितलं होतं. झोपवायला नाही." तुम्ही आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या संध्याकाळी मी बाटली मोरीत ओतली.

मग मी तिला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तासभर खेळवलं, मणी ओवायला दिले, मला शंभर प्रश्न विचारले. त्या म्हणाल्या, "हिचं डोकं चांगलं आहे. लक्ष ठरत नाही, एवढंच. यात तुमचा दोष नाही आणि तिचाही नाही." मी तिथेच रडले. आजवर कोणी ते वाक्य म्हटलं नव्हतं. त्यांनी एक गोळी सुचवली, सकाळी अर्धी. ही झोप आणणारी नाही, उलट जागं करणारी, पण अशा मुलांना तिने स्थिर वाटतं, असं म्हणाल्या. भूक मरेल, झोप उशिरा लागेल, वजन दर महिन्याला बघावं लागेल, आणि सगळ्यांना लागू पडेलच असंही नाही. "घाई नको. घरी बोला. शाळेशी बोला. गोळी दिलीत तरी बाकीचं सगळं करावंच लागेल."

घरी बोलले. यजमान म्हणाले, "मीपण लहानपणी असाच होतो. माझं काय वाईट झालं?" तोवर त्यांनी सहा ठिकाणची कामं सोडली होती. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "दे. पण आईला सांगू नकोस." शाळेत तुमच्याशी बोलले, तर तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. "आता एकही औषध नको. एक सत्र माझ्या हातात दे तिला. नाही जमलं तर मग बघू." मी "हो बाई" म्हटलं. तुम्हाला "नाही बाई" म्हणायची सवयच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्धी गोळी केळ्याच्या फोडीत दाबून तिला भरवली आणि शाळेत पाठवलं.

तुम्ही तिला मागच्या बाकावर उभं राहून लिहायची मुभा दिलीत. फळा पुसायचं काम तिचं, वह्या वाटायचं तिचं, तास संपला की घंटा द्यायचं तिचं. तिच्या फ्रॉकच्या खिशात तुमच्या चिठ्ठ्या यायच्या. "आज अकरा मिनिटं बसली." "आज गणित पुरं केलं, मग पळाली." मी त्या चिठ्ठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवायची आणि त्या गोळी तेवढीच ठेवायच्या. दुपारचा डबा तसाच परत यायचा, तिच्या फासळ्या दिसू लागल्या. मी रोज ठरवायची, उद्यापासून बंद. मग नवी चिठ्ठी यायची.

सत्र संपलं तेव्हा पालकांच्या सभेत तुम्ही तिला पुढे बोलावलंत. "बघा, औषधाचा एक थेंब नाही. नुसतं काम आणि माया." किती खूश होतात तुम्ही. माझे कान तापले, पण मी मान खाली घालून बसले. बाहेर पडले तर गावठाणातली एक ख्रिस्ती बाई मला गाठून उभी राहिली. तिचा मुलगा तुमच्याच वर्गात, तसाच. त्यालाही डॉक्टरांनी तशीच गोळी लिहून दिली होती. ती म्हणाली, "बाई बोलल्या ते खरं काय? तुमी काय गोळी नाय दिली?"

मी म्हटलं, "नाही."

तिने माझे हात धरले. "बरं झालं गो, इचारलं तुला. मी घाबरलेली."

तिने गोळी दिली नाही. तुम्ही त्या मुलासाठीही झटलात, मला माहीत आहे. पण पुढच्या वर्षी तुमची बदली अंधेरीला झाली. नव्या मास्तरांनी त्याला वर्गाबाहेर उभं करायला सुरुवात केली आणि तिसरीत त्याची शाळा सुटली. त्याला गोराईला मामाकडे पाठवलं, होडीवर कामाला. गोळीने त्याचं काही वेगळं झालं असतं का, मला ठाऊक नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, सगळ्यांना लागू पडत नाही. पण त्याच्या आईने मला खरं काय ते विचारलं होतं, आणि निवड तिची होती. ती मी तिच्या हातातून काढून घेतली, फक्त तुमच्यासमोर खोटी ठरू नये म्हणून.

माझ्या मुलीची गोळी दहाव्या वर्षी हळूहळू सुटली. आज ती लग्नकार्याची जेवणं करते, चार शेगड्या एकदम सांभाळते, फोन मात्र रोज हरवते. आता तिची मुलगी सात वर्षांची आहे. तिलाही तेच आहे, त्याला आता एडीएचडी म्हणतात. गेल्या आठवड्यात मुलीने विचारलं, "आई, मला तेव्हा काय देत होतीस? खरं सांग." मी सगळं सांगितलं, गावठाणातल्या त्या बाईसकट. ती म्हणाली, "मला केळं आठवतं गं. आणि घंटा." आणि थोड्या वेळाने, "बाईंना कधी सांगितलंस?"

मी तिला म्हटलं, संधीच मिळाली नाही. बाई, तेही खोटं. तुम्ही जाण्याच्या आदल्या वर्षी आपण अंधेरीच्या बाजारात भेटलो होतो. तुम्ही काठी टेकत होतात, कसलीही घाई नव्हती तुम्हाला. माझ्या मुलीचं विचारलंत आणि म्हणालात, "अशा दोन-चार मुलांसाठी तरी मी मास्तरीण झाले असं वाटतं." जवळजवळ अर्धा तास आपण एका दुकानाच्या पायरीवर उभ्या होतो. मी तुमच्या गुडघ्याची चौकशी केली.