नाणी जावयाला शिकवलीत

अण्णा, तुमच्या जावयाचा मला हेवा वाटतो. नवऱ्याचा हेवा कुणी करतं का, असं बायका म्हणतील, म्हणू देत. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी हे मनातून जात नाही, आणि तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच धडधडीत लिहितेय.

तुम्ही बोईसरच्या कारखान्यात प्रेसच्या डाय, म्हणजे ठसा उठवणारे साचे, बनवायचात, त्यामुळे घरात नाणं आलं की आधी त्याची डाय कशी होती हे बघायचात. अक्षरं फुगलेली, कडा बोथट, म्हणजे डाय म्हातारी झाली तरी टाकसाळ तिला राबवतेय. मला हे सगळं शिकायचं होतं हो. सहावीत असताना दिवाळीआधी आईनं तांब्यापितळेची भांडी चिंचेनं घासायला काढली आणि मी तुमचा नाण्यांचा डबाही मोरीत नेला. तुम्ही खूश व्हाल असं वाटलं. एकेक नाणं असं लखलखीत केलं की देवापुढे ठेवावं. तुम्ही कामावरून आलात, डब्यात पाहिलंत आणि डोक्याला हात लावून खालीच बसलात. "अगं, नाण्याची साल काढलीस तू! आता यात बघायचं काय?" नंतर कधी रागावला नाहीत, पण डबा कपाटावर गेला तो गेलाच. माझा हात तिथवर पोचायला लागला तरी तुम्ही तो खाली काढला नाहीत.

काढलात तो जावयासाठी. तारापूरकडच्या मासे विकणाऱ्या घरातला मुलगा मी निवडला म्हणून आधी तोंड वाकडं केलंत, आणि मग? दर रविवारी माझ्या सासूबाईंच्या टोपलीतली चिल्लर घेऊन हा सालवडला आपल्या घरी हजर. खोलीभर बोंबलाचा वास, आणि तुम्ही कौतुकानं वर्तमानपत्र पसरताय. "या जावईबापू, आज काय लागलं जाळ्यात?" मी आत पोहे परततेय. बाहेर तुम्ही भिंग त्याच्या हातात देऊन सांगताय की रेघ वर उठलेली असेल तर डायला चीर होती, कारण चिरेत धातू शिरतो. रेघ खोल असेल तर कुणीतरी नंतर ओरखडलंय, सोडून द्या. नख फिरवा, डोळा फसवतो. तो दहादा चुकायचा. एकदा तर खाऱ्या पाण्यानं खाल्लेलं नाणं टाकसाळीची चूक म्हणून घेऊन आला, तर तुम्ही पोट धरून हसलात. हसलात! माझ्या चिंचेला मात्र जन्मठेप. पोह्यांच्या बशा मी अशा आदळल्या की आई म्हणाली, "बशांनी काय घोडं मारलंय तुझं?"

परवा पालघरला एका सभागृहात नाण्यांचं छोटं प्रदर्शन होतं. तुमचा जावई आता तिथला मोठा माणूस, लोक त्याला सर म्हणतात. माझं ऑफिस पालघरलाच, सुटल्यावर गेले. हा चारपाच जणांना पाच रुपयांचं नाणं दाखवत होता, "बघा, आकड्यावरून गेलेली ही रेघ. डायला चीर पडलेली हाय." आणि मागून "आमच्या सासऱ्यांनी शिकवलंय," हे शेपूट. ते प्रत्येक वेळी असतंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाणं उचललं, नख फिरवलं. नख आत अडकलं.

"ही खोल आहे," मी म्हटलं. "ओरखडा आहे नुसता."

त्यानंही नख फिरवलं आणि खुशाल हसला. "आयला, खरंच की! चष्मा बदलायला पायजे." ना लाज, ना राग. अशा माणसावर धड जळताही येत नाही. शेजारचे एक गृहस्थ मला म्हणाले, "वहिनी, तुम्हाला कोणी शिकवलं हे?"

नवरा तोंड उघडणार तेवढ्यात मीच बोलले. "वडिलांनी. यांच्या कितीतरी आधी. मांडीवर बसवून."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला चिंचेपासून सगळं माहीत आहे, तरी त्यानं मान डोलावली. अण्णा, मांडीवर बसवून तुम्ही मला एक नाणंही दाखवलं नाहीत. पण पुन्हा कुणी विचारलं तर मी हेच सांगणार आहे.