चमकणारे दात

कार्व्हर्स फेरी, इलिनॉय
गुरुवार, ७ नोव्हेंबर १९५७

प्रिय व्हर्न,

तू, इनेझ आणि दोघी मुली खुशाल असाल. इथे थंडी पडली. शेगडी पेटवली, पण ती धूर करते आणि धुराडं साफ करायला माणूस मिळत नाही. चर्चच्या जेवणाला मी कोबी घालून नूडल्स नेले होते, भांडं रिकामं परत आलं. माझी तब्येत ठीक आहे.

झाली ख्यालीखुशाली. आता मुद्द्यावर येते.

तुझी नवी गोष्ट वाचली. एरवी प्रत्येक अंक टपालाने पाठवतोस, हा पाठवला नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. प्रुइटच्या औषधांच्या दुकानात मांडणीवर होता. वर नेहमीचंच चित्र, हिरवा राक्षस आणि त्याच्या हातावर अर्धवट कपड्यांतली बेशुद्ध पोरगी. प्रुइट म्हणाला, "मिस ब्रिंकमन, तुमचा भाऊ भलताच निघाला हो! रशियनांनी आत्ता सोडलं ते यानं दहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय." दुकानात जो तो रशियनांनी अंतराळात पाठवलेल्या त्या कुत्रीबद्दल बोलत होता. मिसेस ट्रॉटर तर डोळे पुसत होती. "बिचारीला कुणी विचारलं तरी का, जायचंय का म्हणून?"

मी अंक घेतला आणि पैसे ठेवून बाहेर पडले. थांबले असते तर फार बोलले असते. आपल्या गावच्या पोरींनाही कुणी विचारलं नव्हतं, व्हर्न. त्यांच्यासाठी मिसेस ट्रॉटरचा रुमाल कधी बाहेर निघाल्याचं मला आठवत नाही.

तुझ्या सगळ्या गोष्टी मी वाचते. तुझे मंगळावरचे कालवे, गव्हाच्या शेतात उतरणाऱ्या तबकड्या, मालकासाठी रडणारा तो यंत्रमानव. तुझ्या प्रत्येक प्रोफेसरला देखणी मुलगी असते, बायको कधीच नसते, आणि ती मुलगी तिसऱ्या पानावर किंचाळते. मी हसायचे. अणूवर चालणाऱ्या तुझ्या शहरांत कुणाला साधी सर्दीसुद्धा होत नाही, तेव्हा मात्र मला हसू येत नसे. तरी म्हणायचे, लिहू दे, त्याला त्यातून सुख मिळतंय.

आणि आता ही गोष्ट! बॉम्ब पडून जग बेचिराख झालंय. ढिगाऱ्याखालच्या तळघरात एक बाई राहते. ती आता माणूस उरलेली नाही. तिचे केस अंधारात चमकतात, दात चमकतात. ती हसून पोरांना जवळ बोलावते आणि जी पोरं जातात ती परत येत नाहीत. मग तुझा तो कॅप्टन येतो, रुंद खांद्यांचा, आणि किरणांच्या बंदुकीनं तिच्या तोंडाच्या चिंध्या करतो. पोरं टाळ्या वाजवतात. संपली गोष्ट.

ते तळघर म्हणजे आपली कोठीची खोली. तिथली लोणच्यांची फळीसुद्धा तू तशीच ठेवलीस.

तू नऊ वर्षांचा होतास. कोठीत जायला घाबरायचास, बटाटे आणायला सांगितलं की रडायचास. आईनं घड्याळांच्या कारखान्यातून बाटलीच्या तळाशी उरलेला, अंधारात चमकणारा रंग आणला, दातांना लावला, तुला आत नेऊन दार लोटलं आणि हसली. तू इतका खिदळलास की तुला उचकी लागली. त्यानंतर बटाटे तूच आणायचास. तुझी भीती जावी म्हणून ती हसली होती, व्हर्न. सहा वर्षांनी तिच्या जबड्याचे तुकडे डॉक्टरच्या चिमट्यात आले, तेही तू पाहिलेस. आणि त्या तोंडावर तू बंदूक चालवलीस!

दुसरी गोष्ट. तुझ्या कथेच्या वर संपादकानं चार ओळी छापल्यात. 'लेखकाच्या आईनं घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचे आकडे रंगवले. तिच्या मृत्यूनंतर लेखकाच्या शूर बहिणीनं भर कोर्टात कंपनीविरुद्ध साक्ष दिली.' हे कुणी लिहायला सांगितलं होतं? कुणाला विचारून?

मंगळवारी हेड्डा व्रझाल माझ्या पायरीवर येऊन उभी राहिली. तुला ती आठवते का, कोण जाणे. कारखान्यात आईच्या शेजारच्या स्टुलावर बसायची, सगळ्यांत मोठ्यानं गाणारी. आता खालचा अर्धा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला असतो आणि शब्द समजायला कान द्यावा लागतो. बावीस वर्षांत ती माझ्याशी बोलली नव्हती. समोरून आले की रस्ता ओलांडायची. हातात तुझा अंक होता.

"माझ्या भाच्यानं आणला," ती म्हणाली. "म्हणाला, मावशी, तुमच्या कारखान्याचं आलंय बघ यात. म्हटलं, वाच. त्यानं वाचलं."

"हेड्डा, आत ये. बाहेर गारठा आहे."

"मी आत यायला नाही आले. शूर बहीण कशी दिसते ते बघायला आले."

मी म्हटलं की ते मी लिहिलेलं नाही. ती म्हणाली, "तू काहीच लिहीत नाहीस, लिओटा. तू नुसती गप्प बसतेस आणि लोक आपोआप हवं ते लिहितात." आणखीही पुष्कळ बोलली. ते मी इथे लिहीत नाही.

तर आता एवढंच कर. संपादकाला कळव की त्या चार ओळी चुकीच्या आहेत आणि तसं पुढच्या अंकात छापायला लाव. का, ते विचारू नकोस. मोठी बहीण सांगतेय, तेवढं पुरे.

मुलींना पापा. त्यांना ही गोष्ट वाचायला देऊ नकोस.

लिओटा


कार्व्हर्स फेरी
शुक्रवार, २२ नोव्हेंबर

व्हर्न,

तुझं पत्र पोचलं. तीनदा वाचलं.

तू लिहितोस, मी उगाच विनय करते. हेड्डा कडवट झाली आहे आणि तिच्या जागी कुणीही झालं असतं. गोष्ट म्हणजे गोष्ट, राक्षस म्हणजे काही आई नव्हे, वाचकांना थरार लागतो. हे सगळं मी एक वेळ गिळलं असतं. पण शेवटी तू लिहितोस की कॅलिफोर्नियातल्या लोकांना या गोष्टीचा सिनेमा करायचाय, आणि जाहिरातीसाठी त्यांना माझा फोटो हवाय. कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी असलेली मी.

का, ते तू विचारलंसच. मग ऐक.

पस्तीस साली तू कॉलेजात होतास. सुट्टीत घरी आलास आणि दारातच मला मिठी मारून म्हणालास, "ताई, तू साक्ष दिलीस ना?" मी म्हटलं, "दिली." तू रडायला लागलास आणि म्हणालास, आईला बरं वाटलं असेल. मी तुझ्यासाठी अंडी तळायला घेतली. एवढंच झालं. मी खोटं बोलले नाही. पुढचं तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

साक्ष मी दिली. कंपनीच्या बाजूनं.

तेव्हा मी तपासणीच्या टेबलावर होते, हे तुला माहीत आहे. रंगवलेल्या तबकड्या माझ्यासमोर यायच्या, वाकडा आकडा दिसला की मी परत पाठवायचे. हेड्डा आणि आणखी चौघीजणी कोर्टात गेल्या होत्या. दोघींना स्ट्रेचरवरून आणलं होतं. कंपनीच्या वकिलानं मला तीन प्रश्न विचारले. तुझ्या आईचे दात पहिल्यापासून खराब होते का? मी म्हटलं, हो. पोरी चेष्टेनं घरी रंग नेऊन तोंडाला फासायच्या का? हो म्हटलं. कोठीतली ती आपली गंमत मीच त्यांना पुरवली, व्हर्न. मग त्यानं विचारलं, ब्रशचं टोक ओठांत धरून बारीक करायला कुणी शिकवलं होतं का?

मी म्हटलं, "नाही. कुणीच नाही."

मला फोरमन सॉवरबीनं स्वतः शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी, माझ्या ओठांत ब्रश धरून. वर म्हणाला होता, गाल गुलाबी होतील. आणि आईला कामावर नेऊन पहिल्यांदा मी शिकवलं. तिला टोक जमत नव्हतं, आकडे जाड यायचे. मी म्हटलं, "आई, लाजतेस काय, ओल्या ओठांत धर की." तिनं धरला.

माझी साक्ष झाल्यावर दुसऱ्या दिवशी दावा फेटाळला गेला. हेड्डाच्या वकिलानं नंतर विचारलं होतं, टेबलावर बसणारी बाईच असं म्हणते तर न्यायाधीश दुसरं काय करणार?

आता तू मनात म्हणशील, ताईनं हे माझ्या कॉलेजसाठी केलं. मुळीच म्हणू नकोस. मीही अनेक वर्षं स्वतःला तेच सांगितलं. मला ते टेबल आवडायचं. खिडकीजवळ होतं. माझ्याहून मोठ्या बायका मला मिस ब्रिंकमन म्हणायच्या. ते सोडायची माझी तयारी नव्हती, आणि मी भ्याले. याहून वेगळं कारण नाही.

मग मी तुझ्यावर एवढी चिडले कशाला? तू आईला राक्षस केलंस म्हणून चिडले, आणि अजून चिडलेलीच आहे. ते मागे घेत नाही. तू इंजिनिअर झालास, तुला आकडेमोड येते, हाडांत रेडियम काय करतं हे तुला माझ्याहून चांगलं कळतं. आणि तरी तुझ्या गोष्टीत दोष कुणाचा, तर चमकणाऱ्या बाईचा! बाटलीत तो रंग भरून देणारा माणूस तुझ्या एकाही पानावर नाही. तुझ्या गोष्टींत परग्रहावरून संकट येतं, भविष्यातून येतं, बॉम्बमधून येतं. सकाळी सातच्या भोंग्याला टोपी काढून "गुड मॉर्निंग, पोरींनो" म्हणत ते येत नाही. आपल्याकडे ते तसंच आलं होतं. कधी सॉवरबीच्या आवाजात आलं, कधी माझ्या.

मी मासिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहाराला पत्र लिहिलं. तुझ्या यंत्रमानवाच्या पायांची लांबी चुकली म्हणून शाळकरी पोरं जिथे भांडतात ना, तिथेच. दोन पानं, सगळं सविस्तर, माझं पूर्ण नाव आणि पत्ता घालून. टाकण्याआधी ते घेऊन हेड्डाकडे गेले. तिनं दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. मी पायरीवर उभी राहून वाचलं. तिचा भाचा मागे टेबलाशी जेवत होता, त्यानं घास थांबवला.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "माझं आडनाव चुकलंय. त्याच्या स्पेलिंगमध्ये एच नाही. कोर्टाच्या कागदांतही चुकलं होतं."

"दुरुस्त करते."

"आणि तू आईला शिकवलंस ते का लिहिलंस? ते कुणी विचारलं नव्हतं."

"म्हणूनच लिहिलं," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. "मी तुला माफबिफ करणार नाही हां, लिओटा. आधीच सांगून ठेवते."

"मी मागायला आले नाही."

"बरं. मग दुरुस्त कर आणि टाक पेटीत. पाचची गाडी गेली तर उद्यावर जाईल." तिनं भाच्याकडून पेन घेतलं आणि दाराच्या चौकटीवर कागद टेकवून ते अक्षर स्वतःच खोडलं. एवढ्या जोरात, की कागद फाटला. तसाच पाकिटात घातला.

पत्र पाचच्या गाडीनं गेलं. हे सारं बुधवारी झालं. तेव्हा मला थांबवायचं असेल, तर तो वेळ गेला. संपादक छापतील की नाही, मला माहीत नाही. नाही छापलं तर आपल्या गावच्या वर्तमानपत्राकडे जाईन, तिथे मिसेस ट्रॉटरही वाचेल. चर्चमधल्या बायका माझ्या शेजारी बसणं सोडतील. सोडू देत.

फोटो मिळणार नाही. सिनेमावाल्यांना काय सांगायचं ते तू ठरव. ती गोष्ट तू विकलीस तर मी तुझं तोंड पाहणार नाही असं काल लिहिलं होतं. ते पान फाडलं, कारण असल्या धमक्या देण्याचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही. विक, नाहीतर विकू नकोस. पण विकलीस तर तुझ्या कॅप्टनला बंदूक रोखण्याआधी त्या बाईला एक प्रश्न विचारायला लाव. तुला हे कुणी शिकवलं, एवढाच. आणि तिला उत्तर देऊ दे. उत्तरात माझं नाव आलं तरी चालेल.

उत्तर लिहायचं नसेल तर लिहू नकोस. मी तुझ्याकडून बावीस वर्षं शूर म्हणवून घेतलं, तू बावीस महिने गप्प बसलास तरी माझी तक्रार नाही.

साक्षीदार क्रमांक सात,
लिओटा ऑगस्टा ब्रिंकमन